भेटीला आलेली सफरचंदं

आजाऱ्याला भेटायला जाताना माणसं सफरचंदंच का नेतात, देव जाणे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडात एकही दात उरला नव्हता. तरी येणारा प्रत्येकजण पिशवी उशाशी ठेवून "खा हो, ताकद येईल," म्हणायचा आणि दहा मिनिटांत उठायचा. अण्णा मला म्हणायचे, "चार भजी तळ गं." मी म्हणायचे, "डॉक्टरांनी तेल बंद केलंय ना! बरे झालात की करू."

तेरा दिवस घरात तळण नव्हतं. काल तेरावं झालं, आज कढई चढली. फ्रिजमध्ये पाच सुरकुतलेली सफरचंदं उरली होती, टाकवेनात. चकत्या मैद्याच्या पिठात बुडवून तळल्या, वर दुधात कालवलेली पिठीसाखर ओतली. ती वाळून चकचकीत झाली.

धाकटा भाऊ खाता खाता म्हणाला, "मस्त झालीत, ताई. अण्णांना एकदा करून घालायची होतीस."

अण्णांच्या आजारपणाच्या तीन महिन्यांत हा दोनदा आला, दोन्ही वेळा सफरचंदं घेऊन. मी एक भजं तोंडात टाकलं. टाळूवर नुसतं दाबलं तर विरघळलं. दातांची गरजच पडली नाही.