बापाच्या नावाचं पाणी

हिवरखेडच्या गोदाबाईंना देवाचा धाक होता, माणसाचा नव्हता. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही, आणि कुणाला लागेल म्हणून कधी शब्द गिळला नाही. अशा बाईवर उतारवयात अमरावतीच्या कोर्टाची पायरी चढायची पाळी आली, तीही सख्ख्या नातीचं तोंड बघायला.

मुलगा अमोल परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा पायल नुकती बोलायला लागली होती. सून आरती अमरावतीला माहेरी राहून शाळेत शिकवू लागली. सणावाराला लेकीला घेऊन यायचीही. पण एका दिवाळीत पायल आजीआजोबांजवळ राहिली आणि नत्थुजींनी, म्हणजे गोदाबाईंच्या मालकांनी, तिला परत पोचवायचं आज-उद्या, आज-उद्या करत लांबवलं. शेवटी आरती भावाला घेऊन आली, पोरीला उचललं आणि गेली. त्यानंतर फोनही उचलेना. वर्ष असंच गेलं, तेव्हा नत्थुजींनी अनुपमा वकीलबाईंना गाठून कोर्टात अर्ज केला.

कोर्टानं तात्पुरतं ठरवून दिलं : महिन्यातून एका शनिवारी, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या समोर भेट. पायल आधी नत्थुजींच्या मिशीला भ्यायची, मग त्याच मिशीला चिमटे काढू लागली. पुढच्या तारखेला उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला हिवरखेडला न्यायची परवानगी मागायची होती. मिळेल, असं अनुपमा वकीलबाईंना वाटत होतं. त्यांनी एकच बजावलं होतं, “तिथं अमोलचा विषय काढू नका. आईनं पोरीला काय सांगितलंय, आपल्याला माहीत नाही.”

त्या महिन्याचा शनिवार नेमका अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर आला. अखजीला आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर आंबा ठेवतात. भर उन्हाळ्यात पितरांना पाणी पोचावं म्हणून. अमोलची घागर नत्थुजीच भरत. बापानं लेकाला पाणी द्यायचं, हे उलटं पाणी पोचत असेल का, ही सल गोदाबाईंच्या मनात दर अखजीला उठायची. यंदा त्यांनी कुंभाराकडून लहानशी घागर आणली आणि पिशवीत घातली.

“कोर्टात कायले नेतं मडकं?” एसटीत नत्थुजी म्हणाले. “वकीलबाई नाही म्हनल्या होत्या.”

“देवाच्या कामाले वकिलाले काय इचारा लागते? आन् तुमाले कोनं इचारलं?”

“मले तं लगन झाल्यापासून कोनीच नाही इचारलं.”

समुपदेशक बाईंना ते भातुकलीचं मडकं वाटलं. गोदाबाईंनी पायलला जवळ घेतलं, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

“घाल माय यात पानी. तुया हातानं. तुया बाबाच्या नावानं.”

पायलनं खुशीत बाटली उपडी केली. घागर काठोकाठ भरली.

“आमच्याकडे पण करतात हे,” ती म्हणाली. “मामा करतो.”

“कोनाच्या नावानं करते मामा?”

“पणजीच्या. ती मेलेली आहे ना.” आणि बोलता बोलता ती थांबली. “पण माझे बाबा तर सौदीला आहेत.”

नत्थुजी घाईनं म्हणाले, “हो बेटा, सौदीलेच हाय तो.” म्हणताना ते भिंतीकडे बघत होते.

पायलनं आजीकडे पाहिलं. गोदाबाईंचा एक हात घागरीवर होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण भरल्या घागरीवर हात ठेवून खोटं बोलायचं म्हणजे पितरांशीच खोटं बोलायचं. त्यांची जीभ उचलेना. लेकरू त्या गप्प तोंडाकडे बघत राहिलं आणि त्याला कळायचं ते कळलं. ती रडली नाही. उठून समुपदेशक बाईंजवळ गेली आणि म्हणाली, “मला आईकडे जायचंय.”

पुढच्या तारखेला जजसाहेब रागावले नाहीत. मुलीला आधी सावरू द्या, एवढंच म्हणाले. सुट्टीतली परवानगी मिळाली नाही, आणि मुलांच्या मनाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत शनिवारची भेटही थांबली.

बाहेर व्हरांड्यात आरती स्वतःहून थांबली.

“याच सुट्टीत सांगणार होते मी, आई. डॉक्टरांना विचारून, तिला मांडीवर घेऊन. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.”

“मंग मले काहून नाही सांगतलं? मले मालूम असतं तं म्या ते मडकं हातात धरलं असतं का?”

“कशी सांगणार? फोन घेतला की तुम्ही पोरीला मागाल, याचीच भीती वाटायची.” तिनं पर्स खांद्यावर ओढली. “आता शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारते, आई, तू अजून काय काय खोटं सांगितलंस?”

“मले येऊ दे एक डाव,” गोदाबाई म्हणाल्या. “मी समजावतो तिले.”

“ते आता कोर्टाला विचारा,” आरती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

परतीच्या, अकोटच्या एसटीत शेजारी एक बोलकी बाई बसली. अमरावतीले कोन असते, म्हणून तिनं विचारलं.

“नात हाय,” गोदाबाई म्हणाल्या.

“मंग आता येत असंन सुट्टीत तुमच्याकडं?”

नत्थुजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“येते ना. यंदा तिले क्लास लावला हाय सुट्टीत.”

“आजकालच्या लेकरायले सुट्टीच नाही राह्यली, बाई.”

“नाही ना,” गोदाबाई म्हणाल्या.