पेला वाजेनासा झाला

सोयाबीन उगवलं तेव्हापासून बायनाबाईची कंबर धरलेलीच होती. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं बांधावर पसरायची, सकाळी उचलून खाली जमलेल्या, कोवळी रोपं खाणाऱ्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायच्या. थकून चारठाणा गावातल्या घरी यावं, तर अंथरुणाला खिळलेली सासू स्टीलचा पेला खाटेवर वाजवतच असे. पाणी पाज, कूस बदल, माशी हाकल. कधी काहीच नको असे, नुसतं कुणीतरी दिसायला हवं असे. नवरा पुण्याला कामावर, लेक राजनंदिनी परभणीच्या कॉलेजात. म्हणजे पेला एकट्या बायनाबाईच्याच नावाचा!

लेक सुट्टीला आली आणि एक गोगलगाय काचेवर ठेवून बसली. काडीनं हळूच शिवलं की ती शिंगं आत ओढून घ्यायची. पुन्हा पुन्हा शिवल्यावर मात्र ओढेनाशी झाली.

"मेली का काय?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई गं, शिकली. शिवल्यानं काई इजा व्हत न्हाई म्हनून. खबर देनारी पेशी अन् अंग आखडायला लावनारी पेशी, त्यांचा जोड ढिला पडलाय. खबर जाती, पन कमी कमी. जोरात टोचलं की पुन्हा घट्ट व्हतो."

"बरं हाय बाई तिचं."

"आई, आजी कवाधरून पेला वाजवायली."

"कुठं?"

पेला खणखणत होता. ऐकून न ऐकल्यासारखं तर ती नेहमीच करायची. पण आज तिला तो खरंच ऐकू आला नव्हता. बायनाबाई घाबरली. यापुढे पहिल्या ठोक्याला उठायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

लेक परत गेली. ठरवलेलं दोन-चार दिवस टिकलं, मग अंगच ऐकेना. एका दुपारी ती शेतातून आली आणि ओसरीवर पडली ती दिवेलागणीलाच जागी झाली. घर शांत होतं. म्हातारीला झोप लागली असेल, या विचारानं तिला बरंच वाटलं.

आत सासू टक्क जागी होती. लुगडं ओलं, ओठ सुकलेले. पेला हाताशीच होता.

"आत्याबाई, पेला का वाजवला न्हाई?"

"वाजवून कोन येतंय?" म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं.

बायनाबाईनं सासूला पुसलं, लुगडं बदललं, पाणी पाजलं. मग खाटेशी बसून पेला तिच्या हातात दिला.

"वाजवा. मी हितंच हाय. वाजवा की!"

म्हातारीनं पेला धरून ठेवला. हात काही उचलला नाही.