पाद्रीबाबांची वाकडी कॉलर

लेमविग गावच्या तोवेबाई बुंडगोर चाळीस वर्षं पाद्र्यांच्या कॉलरी करून देत होत्या. ताटाएवढी, चुण्याचुण्यांची पांढरीशुभ्र कॉलर. तिला कडक खळ घालायची आणि तापल्या सळईवर एकेक चुणी वळवायची. गळ्याच्या मापात केसभर चूक झाली, तर त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागत नसे.

एका रविवारी एस्बेन पाद्रीबाबांची कॉलर डावीकडून वर उचललेली दिसली आणि बाईंचं प्रवचनातलं लक्षच उडालं. बाहेर पडताना पाद्रीबाबांनीच उलट ऐकवलं, "तोवेबाई, आटवलीत की कॉलर! गळा आवळतोय माझा."

"मी? आटवली?" बाईंनी दारातच पर्समधून टेप काढली. "गळ्याचे एक्केचाळीस सेंटिमीटरचे त्रेचाळीस झालेत तुमच्या! तेही एकाच बाजूने. केक खाऊन माणूस दोन्हीकडून सुटतो, पाद्रीबाबा." जबड्याखाली अंड्याएवढी मऊ गाठ हाताला लागली. बाईंचा आवाज उतरला. "उद्याच डॉक्टरकडे जा."

डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. गाठ बसली, पाण्यात काही सापडलं नाही. पाद्रीबाबा केक घेऊन हजर. "नुसती पाण्याची पिशवी! आता तरी कबूल करा, कॉलर आटली होती."

तीन आठवड्यांनी, ऐन बाप्तिस्म्यात, उचललेली कॉलर बाळाने मुठीत धरली. बाई तिसऱ्या बाकावरून ओरडल्या, "गाठ परत भरली!" ऑर्गन थांबला.

या खेपेला बाई स्वतः बरोबर गेल्या, काखेत पुराव्याची कॉलर. घशाच्या डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "चाळिशीनंतर मानेतली पाण्याची पिशवी साधी धरायची नसते. नुसतं पाणी तपासून भागत नाही." त्यांनी पिशवीच्या भिंतीचा तुकडा घेतला, घसा तपासला. टॉन्सिलमध्ये वाटाण्याएवढा कॅन्सर निघाला. मुळाशी एक जुना विषाणू, शरीरसंबंधातून येणारा.

पाद्रीबाबा पांढरे पडले, मग लाल. "मला? पाद्र्याला?"

"बहुतेकांना होऊन जातो हो. एखाद्यात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. कधी, कुणाकडून, ते शोधत बसू नका. हा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो."

"देवाने क्षमा करून टाकलीय," तोवेबाई म्हणाल्या, "तुम्ही कशाला चौकशा करताय?"

सहा आठवडे किरणोपचार चालले. बाई रोज प्रार्थना करायच्या आणि नको असलेल्या कॉलरींनाही खळ घालायच्या.

वसंतात पाद्रीबाबा परतले. तपासणीत कॅन्सरचा मागमूस नव्हता आणि उपचारांत वाळून मान अडतीसची झाली होती. प्रवचनभर कॉलर चाकासारखी गरगर फिरत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "तोवेबाई, फारच सैल केलीत!"

तीन सेंटिमीटरची चूक! आणि बाई त्या दुपारी दोनदा वाढून घेऊन जेवल्या.