तलावापलीकडचा निळा ठिपका

दोन रविवारांपूर्वी काशीदच्या मागच्या डोंगरातल्या तलावावर गेले होते. तलाव म्हणजे खरं तर छोटं धरण... पण पावसाळा संपत आला की ते काठोकाठ भरतं, आणि भोवतीचे हिरवे उतार थेट पाण्यात उतरलेले दिसतात.

रेवदंड्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आठवडाभर पासपोर्ट साइजचे फोटो, बारशी, साखरपुडे. रविवारची संध्याकाळ मात्र माझी. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. त्यांना फोटोत काडीचा रस नाही, पण मी एकटीने डोंगरात जायचं नाही हा त्यांचाच नियम. त्या थर्मास घेऊन येतात आणि दगडावर बसून मला गावभरच्या बातम्या सांगतात.

पोचलो तेव्हा ऊन होतं. ट्रायपॉड उभा करेपर्यंत धुकं उतरलं आणि समोरचा काठ गायब. मग भुरभुर... मग पुन्हा थोडं उघडलं. अशा हवेत नुसतं थांबायचं असतं. मधेच ढगाला फट पडते आणि पाठीमागे समुद्राकडे कललेला सूर्य समोरच्या उतारावर उजेड टाकतो. तो फार टिकत नाही.

त्या दिवशी तसा उजेड पडला. समोरचं गवत एकदम पिवळंधमक, त्यामागे काळाभोर ढग. असा उजेड मला त्या तलावावर आजवर मिळाला नव्हता... आणि नेमकं तिथेच, पलीकडच्या काठावर काहीतरी निळं फडफडत होतं. वाटलं, पिकनिकवाल्यांचा तंबू.

"माई, बघा ना! नेमकं आत्ताच!"

"वारा केवढा आहे. तंबूच उडून जाईल त्यांचा," माई चहा ओतत म्हणाल्या.

पाण्यावर शिरशिरी होती, म्हणून फिल्टर लावून शटर बराच वेळ उघडं ठेवलं. तसं केलं की पाणी काचेसारखं येतं. पण फोटोत त्या निळ्याचा लांब फराटा उमटला. चिडून दुसरा फोटो झटकन काढला आणि स्क्रीनवर मोठा करून पाहिला... तंबू नक्की कुठे आहे ते कळलं तर फ्रेम जरा सरकवता आली असती.

तंबू नव्हताच. एक वयस्कर माणूस प्लास्टिकचा कागद दोन्ही हातांनी डोक्यावर हलवत होता. तोंड उघडं होतं. त्याच्या पायाशी एक बाई बसली होती, एक पाय लांब करून.

तो ओरडत होता आणि आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. मी स्क्रीन दाखवल्यावर हे आधी माईंच्या लक्षात आलं. चहा तसाच ठेवून त्या धरणाच्या भिंतीवर गेल्या. माईंचं माहेर भातशेतीवालं, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय... तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"पाय मोडलाय काऽऽ? व्हय असंल तर एक हात वर कराऽऽ!"

मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्याने कागद खाली टाकला आणि एक हात वर केला.

"येतोऽऽ आम्ही!"

भिंतीच्या टोकाला मोबाइलची रेंज मिळाली. नवऱ्याला फोन करून धरणाच्या पायथ्याशी गाडी घेऊन यायला सांगितलं. ट्रायपॉड तिथेच सोडला, कॅमेरा पिशवीत टाकला आणि पायवाटेने निघालो. अर्ध्या वाटेत पुन्हा धुकं आलं. पुढचं झाड दिसेना. माई हाका मारत होत्या आणि आता जवळून उत्तर येत होतं, त्या अंदाजाने आम्ही पोचलो.

खालच्या गावातले नामदेवकाका आणि त्यांची बायको हिराबाई. गुरांसाठी गवत कापायला आले होते. ओल्या खडकावर हिराबाईंचा पाय घसरला. घोटा टरारून सुजला होता, पण तोंड चालू होतं.

"मगापासनं सांगतीय, तुमी खाली जावा, मानसं आना. तर न्हाय! नुसता कागूद हलवताय."

"धुक्यात हिला एकटी टाकून जाऊ कसा वो?" काका मला म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता.

माईंनी दोन सरळ काठ्या तोडल्या आणि माझ्या ओढणीने पाय बांधला. एका बाजूला काका, एका बाजूला माई, आणि पुढे मोबाइलचा उजेड दाखवत मी. सर आली, थांबलो, पुन्हा चाललो. वाटेत हिराबाई एकदाच रडल्या... कापलेला भारा वर राहिला म्हणून.

पायथ्याशी नवरा गाडी घेऊन उभा होता. दवाखान्यात कळलं, हाड मोडलंय. आता प्लास्टर आहे.

काल त्यांना भेटायला गेलो. फोटोत दिसलात म्हणून आलो, हे मी त्यांना वाटेतच सांगितलं होतं. काका म्हणाले, "तुमी तवा फोटू काडला ना? त्यो द्या. आमचा दोघांचा एकत्र असा एक बी न्हाय." मी तो दुसरा फोटो मोठा प्रिंट करून नेला होताच. हिराबाईंनी बराच वेळ शोधलं. "मी कुटं हाय यात?" काकांनी बोट ठेवून दाखवलं. मग दोघं त्या फोटोवर वाकून बसले, आमच्याकडे लक्षच नाही.

घरी आल्यावर पहिला फोटो उघडला... निळा फराटा असलेला. उजेड खरंच सुरेख आलाय. असले डाग कॉम्प्युटरवर पुसायला मला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी फराटा उमटला नसता, तर मी दुसरा फोटो काढलाच नसता, तो निळा ठिपका घरी आणून पुसला असता. त्याच्या जागी नुसतं गवत दिसलं असतं... आणि इथे टाकल्यावर तुम्ही सगळ्यांनी फोटो छान आलाय म्हणून सांगितलं असतं.