साडूंची मोकळी जागा

आमच्या थोरल्या साडूंनी धाराशिव जिल्ह्यातल्या सगळ्या नातेवाइकांचे फोन आतून तपासले आहेत, असं मी म्हणालो तर त्यात फार तर दोन-तीन घरांची चूक निघेल. कोणाच्या फोनमध्ये किती जागा शिल्लक आहे, हे त्या माणसापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. परंड्याच्या एका लग्नात मंडळी अक्षता घेऊन उभी होती आणि हे व्हिडिओवाल्याला विचारत होते, "कार्डात मोकळं किती हाय?" तो म्हणाला, "लई हाय की, काका." साडू म्हणाले, "लई ह्यो आकडा न्हाय." तिथंच कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, शंभरात चार भाग जागा निघाली, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत दुसरं कार्ड बसलं. नवरीचा मामा चिडला होता. पण ते लग्न पूर्ण व्हिडिओत आहे, मामांच्या रागासकट.

त्यांच्या पिशवीत जुना लॅपटॉप आणि चार वायरी असतात. दुसऱ्याची वायर ते वापरत नाहीत. "ह्या वायरीतनं निस्ती वीज जाती, फायली जात न्हाईत," असं म्हणून त्यांनी माझ्या तीन वायरी बाद केल्या. मी नंतर एकेक लावून पाहिल्या, तिन्ही खरोखरच तशा निघाल्या. फोन जोडला की ते चष्मा पुसतात. पडद्यावर भरलेली जागा निळ्या पट्टीत दिसते. पट्टी लाल झाली की त्यांचा चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा होतो. स्वतःचा लॅपटॉप ते कायम निम्मा रिकामा ठेवतात. सिनेमा नाही, गाणी नाहीत. आम्ही चेष्टा करायचो. "मग एवढा मोठा घेतला कशाला, दाजी?" असं माझी बायको विचारायची. ते शांतपणे म्हणायचे, "मोकळं ठिवायला."

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं. एकतीस वर्षं ते धान्याच्या गोदामात होते. गोदामात पोती एकावर एक रचून थप्पी लावतात. बाहेरून मोजली तर थप्पी भरलेली दिसते, आत पोकळ असू शकते. म्हणून साडू दर महिन्याला थप्पीवर चढून, मधली पोती हलवून मोजायचे. हमाल वैतागायचे. त्यांच्या गोदामाचा आकडा मात्र कधी चुकला नाही.

मी स्वतः आकड्यांचा माणूस आहे, म्हणूनच माझी चूक सांगायला हवी. माकणीच्या आमच्या सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आवाज राहील याची खात्री नाही. त्यामुळे माझ्या बायकोनं दोन महिने आईला बोलतं करून फोनवर व्हिडिओ घेतले होते: बाजरीचे उंडे कसे करायचे, कोणाचं लग्न कसं मोडता मोडता जमलं, तेरणेचं धरण झालं तेव्हा कोण कुठं राहायला गेलं. एकूण एक्केचाळीस जीबी. ऑपरेशनला दोन दिवस राहिले आणि फोन भरला. शेवटच्या दोन दिवसांना जागाच नाही.

मी आठवडी बाजारातून एकशे अठ्ठावीसचा पेनड्राइव्ह आणला. लॅपटॉपवर तो एकशे एकोणीस दिसला. कंपनी हजारानं मोजते आणि संगणक एक हजार चोवीसनं, हे मला साडूंनीच शिकवलेलं. कागदावर भागाकार केला, उत्तर एकशे एकोणीसच आलं. सगळं त्यावर उतरवलं. पहिले तीन व्हिडिओ लावून पाहिले, तिन्ही चालले. आता फोनमधलं पुसायचं, एवढंच बाकी होतं. मी माकणीच्या ओसरीवर बसून बोट उचललं होतं.

"थांबा, पाव्हणं," शेजारी बसलेले साडू म्हणाले. "पुसू नका."

"अहो, मोजलंय मी. आकडा बरोबर आहे."

"आकडा त्यो पेनड्राइव्हच सांगतोय की. सोताची साक्ष सोताच."

बायको म्हणाली, "दाजी, आईला परवा न्यायचंय. आता तुमची तपासणी नको."

"लॅपटॉपात बावन्न मोकळं हाय माझ्या," ते म्हणाले. "फोनातलं आधी तिथं उतरवतो. तुमी तोवर आईला काय विचारायचं ते ठरवा."

त्याप्रमाणे त्यांनी एक्केचाळीस जीबी उतरवून घेतले, एकेक व्हिडिओ मधून आणि शेवटून लावून पाहिला, आणि मगच फोन मोकळा करू दिला. दुसऱ्या दिवशी माझा पेनड्राइव्ह घेऊन बसले. त्यांच्याकडं एक लहानसा प्रोग्राम आहे. तो सगळी जागा स्वतः भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. सकाळी लावलेलं काम दिवेलागणीला संपलं. एकशे एकोणीसपैकी खरी जागा निघाली सात. पहिले व्हिडिओ त्या सातात बसले होते. पुढच्या व्हिडिओंची फक्त नावं होती, आत काही नव्हतं. मी दोनदा आकडा वाचला. साडू "थप्पी बाहेरनं चांगली लावली व्हती," एवढंच म्हणाले आणि वायर गुंडाळली.

ऑपरेशन चांगलं झालं. सासूबाई बऱ्या आहेत, शेतात चक्कर मारून येतात. आवाज मात्र गेला. ओठ हलतात, नुसता वारा येतो. शेवटच्या दिवशीचा व्हिडिओ आमच्या घरात सगळ्यांत जास्त लावला जातो. त्यात त्या भाकरी थापत आहेत, साडू मागं लॅपटॉपसमोर बसले आहेत आणि त्या हाका मारत आहेत. "जावईबापू, जेवाय या." मग जरा मोठ्यानं. मग, "भाकर निवली बघा." चौथ्या हाकेला साडू मान वर न करता "आलो, आलो" म्हणतात आणि येत नाहीत.

हल्ली माकणीला गेलो की साडू लॅपटॉप पिशवीतच ठेवतात. तव्यावर पहिली भाकरी पडायच्या आधी हात धुऊन पाटावर येऊन बसतात, सासूबाईंना दिसतील असे.