नंबर भिंतीवर, नाव तिजोरीत

मंडळी, आज बहिणीला घेऊन मोबाईल कंपनीच्या ऑफिसात तीन तास बसून आलोय. चिडायचंही त्राण उरलं नाही, म्हणून शांतपणे सांगतो.

धाकटी सुनीता वालूरला आशाताई आहे. बाळंतपणाचा फोन कधीही येतो, म्हणून तिचा नंबर पंचायतीच्या भिंतीवर रंगवलाय. महिनाभरापासून कुणीतरी त्याच नंबरावर घाण बोलायलाय. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून सुरू.

काउंटरवरची मुलगी नम्र होती. "ग्राहकाचं नाव गोपनीय असतं सर. पोलिसांचं पत्र आणा."

"आणि हिचं?"

"ताईंचंही गोपनीयच आहे ना."

सुनीता म्हणाली, "माझं लय गोपनीय हाय बाई. वाचायला चष्मा बी लागत न्हाई."

नियम चूक नाही. नाहीतर उद्या तो हरामखोरही इथंच येऊन कुणाचाही पत्ता मागेल. कळतं मला. पण कळून करू काय?

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चुना मार त्या भिंतीला. नंबर बदल."

"दादा, तिघींचे दिवस भरत आलेत. त्यांनी कुणाला फोन करायचा?"

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि उचलला. कुणाची तरी सासू होती, सुनेच्या पोटात दुखायलंय म्हणाली. सुनीताचा चेहरा एकदम सैल पडला. बाळंतकळांची बातमी ऐकून सुटकेचा श्वास टाकणारी आशाताई मी आज पाहिली.

उद्या पोलिसांकडं जातोय. पत्र मिळेपर्यंत असे किती फोन तिनं डोळे मिटून उचलायचे, सांगा कुणीतरी.