कबरी कोंबडी आणि ब्रेकबाईंचा राग

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक त्या असा करकचून दाबत, की त्याचं नाक स्टिअरिंगला टेकायचं. वर ऐकवत, "मी नसते तर आत्ता त्या सायकलवाल्याच्या घरी जाऊन काय सांगितलं असतंत?" सव्वीस वर्षं हेच काम, पण गाडीला साधा पोचा नाही. चिडक्या म्हणून जितक्या बदनाम, तितक्याच भरवशाच्या.

नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला आणि स्वभावाने मेणाहून मऊ. दारावर आलेल्या विक्रेत्याला त्याच्याच्याने परत पाठववत नसे. दोघांच्या घरात सात छत्र्या होत्या, त्या त्यामुळेच. एका सकाळी तो कापडी पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला.

"कुणाला विचारून आणलंत?"

"अगं, छापखान्यातला जुना सोबती देतच होता. म्हटलं…"

"उद्या तो हत्ती देईल. आणाल?"

ब्रेकबाईंचा जीव अडकला होता तो परसातल्या सहा कोंबड्यांत. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जुन्या कपाटाचं खुराडं त्यांनी स्वतः ठोकून केलं होतं. पहिल्या शिकवणीला निघण्याआधी चहाचा कप घेऊन त्या तिथे पाटावर बसत. दिवसातला तेवढाच अर्धा तास त्या कुणावर ओरडत नसत. त्यातली कबरी सगळ्यांत म्हातारी, एका डोळ्याने अधू. ती हातातूनच दाणे खायची.

चार दिवस भांडीकुंडी आदळून झाली. पिल्लू परत जायचं लक्षण दिसेना. त्याचं ढब्बू असं नावही पडलं. मग बाईंनी नियम घालून दिले. पहिला आठवडा मध्ये जाळी. ढब्बूने नुसतं बघायचं, कोंबड्यांनीही बघायचं. पुढे पट्टा बांधून, दहा पावलांवर, तेही पोट भरल्यावर आणि दमवून आणल्यावर. हाक मारताच त्याने कोंबड्यांवरची नजर काढली की बिस्किटाचा तुकडा.

"आणि मोकळं सोडायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही. कळलं?"

"कळलं."

बाराव्या दिवशी ढब्बू पट्टा ताणायचा थांबला. कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि तो पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. बाईंनी त्या दिवशी बिस्किट अख्खं दिलं.

तेराव्या दिवशी धाकटे दीर आले. मोठ्या आवाजाचे, सगळ्यातलं सगळं कळणारे.

दुपारी बाई शिकवणी आटोपून घरी आल्या, तेव्हा दीर खुर्चीत बसून चहा पीत होते. नवरा मान खाली घालून भाजी चिरत होता. बाई सवयीने परसात डोकावल्या. पाचच कोंबड्या, त्याही खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून.

"कबरी कुठाय?"

"उडाली असेल भिंतीवरून, वहिनी," दीर म्हणाले.

"तिला पायरी चढता येत नाही, भाऊजी. भिंत कशी चढेल?"

टाकीमागे वर्तमानपत्राचा एक पुडा होता. आत कबरी होती. अंगावर दाताची एक खूण नाही. धाव धाव धावून, भेदरून तिचं काळीज थांबलं असावं. पण बाई बघत राहिल्या त्या कागदाकडे. पुड्याचे कोपरे काटकोनात आत दुमडलेले. तशी घडी घरात एकाच माणसाला येत होती.

जिन्याखाली ढब्बू कान पाडून बसला होता. ओठ सुजलेला. शेजारी झाडू पडला होता, दांडा मोडलेला.

बाई आत आल्या. "भाऊजी, उठा."

"अहो वहिनी, एका कोंबडीसाठी? मी म्हटलं, कुत्रा आहे, वाघ नाही, एकदा सोडून तर बघू. दादाही हो म्हणाला."

"कोंबडी मेली, त्याचं नंतर बघू. तुम्ही त्याला सोडलंत, तो पोरासारखा धावला, आणि त्यासाठी त्यालाच बडवलंत. वर माझ्या तोंडावर खोटं. उठा. चहा राहू द्या."

"दादा, तू काही बोलणार आहेस का?"

नवऱ्याने भोपळी मिरचीचे आणखी दोन तुकडे केले. दीर फाटक आपटून गेले.

"गुंडाळलंत तुम्ही ना?" बाईंचा आवाज चिरकला. "माझ्यापासून लपवायला इतकी नीटनेटकी घडी!"

"तू चिडशील म्हणून…"

"चिडणारच! चिडायची गोष्ट आहे ही!"

त्यांनी पट्टा नवऱ्याच्या हातात कोंबला. "आता हे काम तुमचं. पुन्हा पहिल्या दिवसापासून."

महिनाभर बाईंचा पारा उतरला नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापिका गाडी मागे घेताना त्यांच्यासमोर रडल्या. घरी कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं आणि ढब्बू पंखांची फडफड ऐकली की अंग चोरायचा. नवरा रोज सकाळ-संध्याकाळ जाळीपाशी स्टूल टाकून बसायचा. पाऊल चुकलं की खिडकीतून आवाज यायचा, "सैल धरा! गळा आवळताय त्याचा!" तो सैल धरायचा. उलट बोलायचा नाही, पण उठूनही जायचा नाही.

एका दुपारी फोन वाजला. दीर रविवारी येणार होते.

"ये," नवरा म्हणाला. मग, "पण आधी तिची माफी माग. आणि ढब्बूला हात लावायचा नाही. नाही, गंमत करत नाहीये. मग नको येऊस."

बाई दाराआड उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या बाहेर आल्या.

"हे तेव्हाच बोलला असतात तर कबरी जिवंत असती."

"हो," तो म्हणाला. एवढंच.

एवढ्याने राग गेला नाही. पण त्या दिवसापासून खिडकीतून ओरडण्याऐवजी त्या दुसरं स्टूल घेऊन जाळीच्या पलीकडे, कोंबड्यांच्या बाजूला बसू लागल्या. आणखी दोन महिन्यांनी त्यांनी पट्टा स्वतःच्या हाताने सोडला. ढब्बू जागचा हलला नाही. तांबड्या कोंबडीने येऊन त्याची शेपटी टोचली, तेव्हा त्याने फक्त दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

दीर माफी मागायला अजून आलेले नाहीत. त्यांचा विषय निघाला की ब्रेकबाईंचा आवाज आजही चढतो, आणि नवरा त्यांना 'शांत हो' म्हणत नाही.